भुसावळहून नाशिकच्या वाइनरीत पहिल्यांदा जाताना

भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी विचारलं आहे: "आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पुण्यातल्या मुलीने नाशिकच्या वाइनरीत आम्हा दोघांसाठी टेस्टिंगचं बुकिंग करून दिलं आहे. मी लग्नकार्यात कधीमधी पेग घेतला असेल, वाइन कधीच नाही. आमची मंडळी घेत नाहीत, पण बघायला येणार म्हणतात. तिथे इंग्रजी बोलावं लागतं का? ग्लास कसा धरायचा, नाही आवडली तर काय करायचं, बाटली घेतलीच पाहिजे का? आणि तिथून सुरतला मेहुण्याकडे जायचं आहे, त्याच्यासाठी दोन बाटल्या नेल्या तर चालतील ना?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बाकी कशात चूक झाली तर थोडं अवघडल्यासारखं होईल, यात चूक झाली तर पोलीस ठाणं बघावं लागेल. सुरतला बाटली नेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय वाइनची बाटली जवळ बाळगणं हाही तिथे गुन्हाच. नाशिकचं बिल दाखवून सुटका होत नाही, कारण ते बिल महाराष्ट्रातलं. आपल्या खान्देशातल्या माणसाची यात सहज गल्लत होते, कारण गुजरात आपल्याला परका वाटतच नाही. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला मी काय सांगावं. रस्त्याने वणी-सापुतारा करून निघालात तर नाशिक सोडल्यावर दोन-अडीच तासांत हद्द ओलांडलेली असते. तेव्हा दोन मार्ग आहेत. एक, आधी सुरत करा, मग नाशिक, आणि बाटल्या घेऊन सरळ भुसावळला या. दुसरा, सुरतला जाणारच असाल तर नाशिकला काही विकत घेऊ नका. मेहुण्यांना भुसावळला बोलवा आणि तिथे पाजा.

आता बाकीचं. मी मूळचा अमळनेरकडचा. गेली सोळा वर्षं नाशिक परिसरातल्या टेस्टिंग रूममध्ये काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहून लोकांना वाइन ओततो आणि समजावून सांगतो. आपल्याकडची मंडळी आली की मी ओळखतो. ती दाराशी जरा थांबतात, आत आलेल्या मुंबईकरांकडे बघतात, आणि काउंटरच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहतात. तुम्ही तसं करू नका. मधे उभे राहा, ओतणाऱ्याच्या समोर. त्याला विचारायला सोपं पडतं आणि तोही तुमच्याशी नीट बोलतो.

इंग्रजी लागत नाही. काउंटरमागची बहुतेक पोरं-पोरी नाशिक, दिंडोरी, निफाडकडचीच असतात. मराठीत बोलायला सुरुवात केलीत की त्यांनाही मोकळं वाटतं. आणि कोणी पिढ्यान् पिढ्यांचा जाणकार आहे नि आपणच नवखे, असंही नाही. राजीव सामंतांच्या सुला या नाशिकच्या वाइनरीची पहिली वाइन बाजारात आली २००० साली आणि त्यांनी टेस्टिंग रूम उघडली २००५ मध्ये. म्हणजे नाशिकमध्ये हा सगळा व्यवहार जेमतेम एका पिढीचा आहे. तुमच्या शेजारी टाय लावून उभा असलेला माणूसही बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेलाच आलेला असतो.

मला खरं सांगायचं आहे ते चवीच्या भाषेबद्दल. वाइनच्या बाटलीमागे, माहितीपत्रकात, आणि काही वेळा आमच्याही तोंडी परदेशी फळांची नावं येतात: गूजबेरी, ब्लॅककरंट. ज्याने ते फळ कधी हातात धरलं नाही, त्याला वाटतं आपल्या जिभेतच काही कमी आहे. तसं अजिबात नाही. आपल्या जिभेला तर शब्द जास्तच आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्यांना टॅनिन म्हणजे काय हे समजावताना मला पाच मिनिटं लागतात. मराठी माणसाला मी एकच शब्द सांगतो, तुरट, आणि त्याचं काम होतं. आपल्याकडे सहा रसांत तुरट ही स्वतंत्र चव लहानपणापासून मोजलेली असते.

काही वर्षांपूर्वी चोपड्याकडचे एक केळी उत्पादक आले होते. मुलगा हौशी, वडील गप्प. कॅबर्ने या लाल वाइनचा घोट घेऊन वडील थोडा वेळ थांबले, जीभ टाळूला लावून पाहिली, आणि हळूच मुलाला म्हणाले, "हाई ते कच्ची केयीसारखं लागस." मुलगा ओशाळला. मी त्याला सांगितलं, तुझ्या वडिलांनी आज इथे आलेल्या सगळ्यांत नेमकं सांगितलं आहे. कच्च्या केळीत टॅनिन असतं, लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं, आणि दोन्ही ठिकाणी ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून जीभ खरखरीत आणि तोंड कोरडं होतं. शास्त्र एकच. त्यांच्याकडे फक्त 'टॅनिन' हा शब्द नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती.

म्हणून जाताना आपली चव, आपला वास, आपलं स्वयंपाकघर बरोबर न्या. आंबटपणा ओळखायचा तर दात आंबतात का आणि घोट गिळल्यावर गालांच्या आतून लाळ सुटते का ते बघा. जितकी लाळ, तितकी आम्लता. गोडवा जिभेला लगेच कळतो. मद्यार्क जास्त असेल तर घशाखाली ऊब उतरते. पातळ की दाट हे पाणी, ताक आणि दूध यांच्या फरकाने ठरवा: काही वाइन तोंडात पाण्यासारखी सरकते, काही सायीच्या दुधासारखी भरून राहते. तुरटपणा धरून एवढ्या पाच गोष्टी सांगता आल्या की पुरे.

तुमचं बुकिंग कोणत्या महिन्याचं आहे ते लिहिलेलं नाही. बदलता येत असेल तर जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत कधीही घ्या. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यामुळे वाइनच्या द्राक्षांची तोडणी थंडीच्या शेवटी येते. त्या दिवसांत वेलीवर घड दिसतात, क्रेटमध्ये माल येताना दिसतो, क्रशर चालू असतो आणि टाक्यांच्या खोलीत आंबण्याचा वास भरलेला असतो. मे महिन्यात गेलात तर वेली नुसत्या पानांच्या, आणि पावसाळ्यात हिरवंगार असतं पण फळ नसतं. शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी सकाळी अकराची वेळ सगळ्यात चांगली: जीभ ताजी असते, गर्दी नसते, आणि ओतणाऱ्याला तुमच्यासाठी वेळ असतो. रविवारी संध्याकाळी मी स्वतःच्या माणसांनाही नीट वेळ देऊ शकत नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दिवस आणि निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे असतात, त्या तारखा तपासून घ्या.

आपल्याकडून नाशिकला जाणारे बहुतेक जण सप्तशृंगीचा गड आणि त्र्यंबकेश्वरही त्याच फेरीत करतात. करावंच. पण देवदर्शन एका दिवशी आणि वाइनरी दुसऱ्या दिवशी ठेवा. एकाच दिवशी दोन्ही केलं की वहिनींचं मन अर्ध्या रस्त्यात अडकून राहतं, हे मी कितीतरी जोडप्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

गाडी घेऊन जाऊ नका, रेल्वेने जा. भुसावळहून नाशिक रोड साडेतीन-चार तास. बुकिंग नेमकं कोणत्या बाजूचं आहे ते आधी बघा, कारण गंगापूर धरण, दिंडोरी आणि इगतपुरी-घोटी या तीन वेगवेगळ्या दिशा आहेत. गंगापूर धरणाकडचं असेल तर नाशिक रोडहून साधारण २० किलोमीटर, आणि परतीची गाडी जातानाच ठरवून ठेवा, कारण मळ्यांच्या बाजूला संध्याकाळी रिक्षा सहज मिळत नाही.

गाडी का नको, त्याचा हिशेब असा. एका टेस्टिंगमध्ये पाच-सहा वाइन चाखायला देतात, प्रत्येकीची साधारण ३० मिलिलिटर. पाच धरल्या तर १५० मिलिलिटर. वाइनमध्ये मद्यार्क १२ ते १३ टक्के, म्हणजे शुद्ध मद्यार्क १९ मिलिलिटरच्या आसपास. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के असतो, तेव्हा ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये २५-२६ मिलिलिटर. सगळ्या वाइन गिळल्या तर पाऊण मोठा पेग पोटात गेला. लोकांना "एवढंसंच तर दिलं" असं वाटतं आणि ते चालकाच्या जागेवर जाऊन बसतात. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे. चांदवडच्या घाटात रात्री मालट्रकच्या मागे गाडी चालवायची असेल तर मी म्हणेन, एक थेंबही नको.

थुंकण्याबद्दल इथेच सांगतो. काउंटरवर एक भांडं ठेवलेलं असतं, त्याला स्पिटून म्हणतात. घोट तोंडात फिरवायचा, चव घ्यायची आणि त्यात टाकायचा. आपल्याला हे अन्नाचा अपमान केल्यासारखं वाटतं, मलाही सुरुवातीचं वर्षभर वाटायचं. पण वाइन बनवणारे स्वतः दिवसाला पन्नास-साठ नमुने चाखतात ते असेच. चव जिभेला आणि नाकाला कळते, गिळून वेगळं काही कळत नाही. ग्लासात उरलेलीही त्याच भांड्यात ओतून द्यायची. न आवडलेली वाइन मुकाट्याने संपवायची गरज नाही. "ही मला नाही आवडली, फार आंबट वाटली" असं ओतणाऱ्याला सांगा. त्याला राग येत नाही. उलट पुढची कोणती द्यायची हे त्याला त्यातून समजतं. गप्प राहून सगळ्याला "छान, छान" म्हणणाऱ्या पाहुण्याला मदत करणं मला सगळ्यात अवघड जातं.

त्या दिवशी सकाळची तयारी. रिकाम्या पोटी जाऊ नका, पोहे-उपमा असं साधं खाऊन जा. नाशिकला उतरल्यावर मिसळ खावीशी वाटेल, ती टेस्टिंग झाल्यावर खा. तिखट रस्सा खाल्लेल्या जिभेला पुढचा तास-दीड तास नाजूक चव लागत नाही. तंबाखू, गुटखा, पान, बडीशेप, पुदिन्याची गोळी यांपैकी काही दोन तास आधीपासून नको. अत्तर किंवा सेंट लावू नका. तुम्हाला सवयीने जाणवत नाही, पण शेजारच्या चार माणसांच्या ग्लासात तोच वास जातो. वहिनींनी गजरा माळला तर तो टेस्टिंगनंतर, मोगऱ्यापुढे कोणतीच वाइन टिकत नाही. रक्तातल्या साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा एखादं अँटिबायोटिक चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ओळखपत्र ठेवा. मुलगी-जावई येणार असतील तर लक्षात असू द्या, २१ वर्षांखालच्या कुणाला चव देत नाहीत.

टेस्टिंगच्या आधी बहुतेक ठिकाणी कारखान्यात फिरवून आणतात. तुम्ही यंत्रांत आयुष्य काढलेले, तुम्हाला ते जास्त आवडेल असं मला वाटतं. वाइनचं द्राक्ष खायच्या द्राक्षासारखं नसतं: मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि साखर खूप. थॉमसन या खायच्या बिनबियांच्या द्राक्षाचा घड हातात घेऊन आलेल्यांना ते बघून नवल वाटतं. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा करतात, लालसाठी साल आणि बिया रसातच ठेवून आंबवतात. रंग आणि तुरटपणा येतो तो त्यातूनच, रसाचा स्वतःचा रंग जवळजवळ पांढराच असतो. स्टीलच्या टाक्यांना बाहेरून दुहेरी भिंत दिसेल, तिच्यातून थंड द्रव फिरवतात. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करतं तेव्हा उष्णता निघते, आणि पांढऱ्या वाइनचं तापमान १५ अंशांच्या आसपास रोखून धरलं नाही तर फळाचा वास उडून जातो. मार्गदर्शकाला विचारा की वीज गेली तर काय करता. खरं काम करणारा माणूस या प्रश्नावर खुलतो. लाकडी पिंपं दिसतील, ओकची, २२५ लिटरची. आणि फेसाळ वाइन करत असतील तर बाटल्यांतला दाब विचारा: पाच-सहा वातावरणांइतका, मोटारीच्या चाकाच्या दुप्पट-तिप्पट. जाड काच आणि तारेने बांधलेलं बूच यासाठीच.

ठिबकच्या नळ्या वेलींच्या ओळींतून गेलेल्या दिसतील तेव्हा मला दर वेळी जळगाव आठवतं. द्राक्षाला मोजून पाणी द्यावं लागतं, जास्त झालं की मणी फुगतो आणि चव पातळ होते. ठिबक घराघरात पोहोचवण्याचं काम आपल्या जिल्ह्यातून झालं, याचा मला अभिमान आहे आणि मी तो पाहुण्यांना सांगतोही.

आता काउंटर. क्रम ते ठरवतात: आधी फेसाळ, मग पांढरी, मग रोझे म्हणजे गुलाबी, मग लाल, शेवटी गोड. ग्लास दांड्याला धरा. वाटीला धरला तर हाताच्या उबेने वाइन तापते आणि काचेवर ठसे पडून रंग दिसत नाही. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका करून रंग बघा. तरुण लाल वाइन जांभळट असते, वय वाढेल तशी कडेने विटकरी होत जाते. पांढरी उलट, वयाने गडद सोनेरी होते. मग ग्लास न हलवता एकदा वास घ्या. नंतर काउंटरवर टेकवूनच गोल फिरवा, हवेत फिरवायला जाल तर शर्टावर येईल, आणि पुन्हा वास घ्या. दोन वासांत फरक पडला पाहिजे. काचेवर जे ओघळ उतरतात त्यांच्यावरून वाइनचा दर्जा ठरत नाही, ते मुख्यतः मद्यार्कामुळे उतरतात. मग घोट: छोटा, पण संपूर्ण तोंडात फिरेल इतका. गरम चहा भुरकताना जशी हवा आत ओढतो तशी थोडी हवा ओढा. घरी भुरकलं तर वहिनी रागावतील, इथे तेच बरोबर आहे. वास नाकाच्या मागच्या बाजूने वर चढतो आणि खरी चव तेव्हा उघडते.

वास शोधताना कोणी सांगितलेलं शोधू नका, तुम्हाला आठवतं ते बोला. तरी काही खुणा देतो, आपल्या भागातल्या. सॉव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये ढोबळी मिरची चिरल्याचा हिरवा वास येतो, आणि ती नुसती उपमा नाही, मेथॉक्सिपायराझीन नावाची तीच द्रव्यं दोन्हींत असतात. मला त्यात कैरीची सालही जाणवते. शेनॅं ब्लां, हीही पांढरीच, म्हणजे पिकू लागलेला पेरू, थोडा मध. शिराझ या लाल वाइनमध्ये काळी मिरी येते, तीही खरीच, कारण मिरीतलं रोटंडोन हे द्रव्य त्या द्राक्षाच्या सालीतही असतं. घरी काळा मसाला भाजताना मिरी तव्यावर पडल्यावर जो वास उठतो तो आठवा. लेट हार्वेस्ट नावाची गोड वाइन मिळाली, म्हणजे उशिरा तोडलेल्या अतिगोड द्राक्षांची, तर ग्लास नाकाशी नेताच मला सातपुड्यात अंगणभर वाळत घातलेली मोहाची फुलं आठवतात. आणि काही ताज्या, कमी तापमानाला आंबवलेल्या वाइनमध्ये चक्क पिकलेल्या केळ्याचा वास असतो. आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं जे द्रव्य केळ्याला केळ्याचा वास देतं, तेच यीस्ट आंबवताना तयार करतं. रावेर-यावलकडचा माणूस हा वास माझ्याआधी पकडतो. मुंबईकर तिथे "फ्रूटी" म्हणून थांबतात.

वहिनींबद्दल. त्या घेत नाहीत म्हणून त्यांनी बाहेर बसायचं कारण नाही. फेरफटका पूर्ण करावा, काउंटरला उभं राहावं, आणि प्रत्येक ग्लासचा वास घ्यावा. एकदा शिरपूरच्या एक आजी मुलगा-सुनेबरोबर आल्या होत्या. वाइनला त्यांनी हातही लावला नाही, पण सुनेने ग्लास पुढे केला तेव्हा म्हणाल्या, "याला भिजल्या गोणपाटाचा वास येतोय." मी त्या बाटलीतून तोवर चौघांना ओतलं होतं. पुन्हा वास घेतला आणि आजींचं बरोबर होतं. नैसर्गिक बुचात कधीकधी एक द्रव्य तयार होतं, त्याने वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा, गोणपाटासारखा वास येतो आणि फळाची चव मरते. ती बाटली बाजूला काढली, चौघांना नवीन ओतली. मोठ्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईचं नाक फार तयार असतं. तेव्हा वहिनींना काही खटकलं तर त्यांनी मोकळेपणाने सांगावं. शिर्क्यासारखा, नेलपॉलिशसारखा किंवा कापून ठेवून काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास आला तरी सांगा, आणि बाटली केव्हा उघडली तेही विचारा. कालपासून बूच न लावता बाहेरच उघडी राहिली असेल तर चांगली वाइनसुद्धा मेलेली लागते. आणि कोणी आग्रह करू लागलं, "वहिनी, एक घोट तर घ्या" म्हणून, तर तुम्ही मधे पडा. आमच्याकडे असा आग्रह करायचा नाही असंच शिकवतात, पण शेजारचे पाहुणे कधीकधी करतात.

शाकाहाराचा प्रश्न आपल्याकडचे बरेच जण विचारतात आणि तो विचारायलाच हवा. वाइन निवळण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसिन किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची मातीच. वाइनरीप्रमाणे, वाइनप्रमाणे हे बदलतं. "ही निवळायला काय वापरलंय?" असं थेट विचारा. काउंटरवरच्याला माहीत नसेल तर त्याने आतून विचारून यावं, ते त्याचं काम आहे.

बाटली घेण्याची सक्ती कुठेच नाही. टेस्टिंगचे पैसे दिलेले असतात, तिथे व्यवहार संपतो. घ्यायची असेल तर महागातली घेऊ नका, दुसरा घोट घ्यावासा वाटला होता ती घ्या. टेस्टिंग सुरू असतानाच आवडलेल्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, कारण पाचव्या ग्लासानंतर पहिलीचं नाव कुणालाच आठवत नाही. लेबलवर साल बघा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात, साध्या लाल तीन-चार वर्षांत. मुलीच्या मुलाच्या लग्नासाठी म्हणून कपाटात ठेवून द्याल तर वाया जाईल. दोन बाटल्या पुरेत. बिल जपून ठेवा.

भुसावळला आणल्यावर खरी काळजी. वाइनचा मोठा शत्रू उष्णता, आणि आपल्या गावात मे महिन्यात ४५ अंश. उन्हात बंद गाडीत पारा ५० च्या पुढे सहज जातो, त्यात बाटली दोन-तीन तास राहिली की बूच वर सरकतं आणि आतली वाइन शिजवलेल्या मनुकांसारखी लागते. माळ्यावर, देवघराच्या कपाटात, स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवू नका. सरळ फ्रिजमध्ये ठेवा, लालसुद्धा. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी" असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. ती खोली युरोपातल्या थंड घराची होती, तिचं तापमान १६ ते १८ अंश. भुसावळच्या खोलीत ते डिसेंबरच्या रात्री कधीतरी मिळतं. म्हणून लाल बाटली फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तासाने प्या, आणि उन्हाळ्यात वीस मिनिटांनीच. उघडलेली बाटली पुन्हा बंद करून फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते, फेसाळ मात्र त्याच दिवशी संपवावी.

जेवणाबरोबर घ्यायची झाली तर आपल्या तिखटाचा विचार करा. मद्यार्काने मिरचीची आग वाढते, आणि तुरट लाल वाइनने तर जास्तच. शेवभाजीबरोबर कॅबर्ने घेऊन लोक वाइनला नावं ठेवतात, दोष वाइनचा नसतो आणि भाजीचाही. शेवभाजीला थंडगार रोझे किंवा फेसाळ. वरण-बट्टीवर तुपाची धार असते, तिला सॉव्हिन्यॉं ब्लांचा आंबटपणा छान कापतो. शिराझ काळ्या मसाल्याच्या मटणाला शोभते, पण तिखट निम्मं हवं.

भरताला मी शेनॅं ब्लां घेतो, किंचित गोडसर असलेली. धूर, शेंगदाणे, कांद्याची पात आणि हिरवी मिरची या सगळ्यांना ती सांभाळून घेते. टेस्टिंगमध्ये शेनॅं आवडली तर एक बाटली थंडीपर्यंत राखून ठेवा, बामणोदची वांगी येईपर्यंत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर वांगी भाजून झाली की बाटली फ्रिजबाहेर काढा. वांगी सोलून, लाकडी बडजीत ठेचून, फोडणी देऊन कळण्याच्या भाकरीबरोबर पानात येईपर्यंत ती साधारण १० अंशांवर आलेली असते, आणि शेनॅं तेवढ्यालाच सगळ्यात चांगली लागते.